सुधाताई आणि बाळूचं पुस्तक

सुधाताईंशी बोलायचं म्हणजे आधी जागा बदलावी लागे. कुणी दारात उभं राहून काही सांगायला लागलं, की त्या त्याच्या कोपराला धरत, त्याला खिडकीकडे वळवत, स्वतः समोर येऊन उभ्या राहत आणि मगच म्हणत, "हं, आता सांगा." गॅसचं सिलिंडर आणणारा असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो, नाहीतर दिवाळीला आलेला जावई असो, सगळ्यांना एकच वागणूक. मी पहिल्यांदा त्यांचं वरच्या मजल्यावरचं घर भाड्यानं बघायला गेलो, तेव्हा मलाही त्यांनी असंच धरून उजेडात उभं केलं. मला वाटलं, बाईंना कमी ऐकू येत असावं.

त्यांचे कान उत्तम होते. ऐकू येत नव्हतं ते त्यांच्या धाकट्या मुलीला, मेधाला. मेधा तेव्हा चाळिशीला आलेली, हॉस्पिटलजवळच्या एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवायची. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं वाचायची. तिच्यासाठी लागलेली सवय ताईंच्या अंगात इतकी मुरली होती, की मेधा घरात नसली तरी त्या कुणालाही अंधारात बोलू देत नसत.

"आवाज म्हणजे अर्धंच बोलणं हो," त्या म्हणायच्या. "उरलेलं अर्धं चेहऱ्यावर असतं. आपण ते फुकट घालवून राहिलो आहोत."

मी पुण्याहून बदली होऊन भोपाळला आलो होतो. नोकरी मंडीदीपच्या कारखान्यात, घर साकेत नगरात. ताई मूळच्या इंदूरच्या. यजमान इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. ताईंनी मुलींच्या शाळेत आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी, आणि बोलण्यात इंदुरी मराठी आणि भोपाळी हिंदीचं असं मिश्रण, की पहिले काही दिवस मला हसू यायचं. पुढे माझ्या तोंडातही "बिलकुल" आणि "परेशान" शिरले, ते अजून निघालेले नाहीत.

मेधा बोलायची. हे मी आधी सांगायला हवं होतं, कारण आश्चर्य तिथूनच सुरू होतं. जन्मापासून जवळजवळ काहीच ऐकू न येणारी मुलगी, आणि ती मराठी बोलायची. आवाज सपाट, प्रत्येक अक्षर जणू हातानं उचलून जागेवर ठेवल्यासारखं. पण कळायचं सगळं. मी एकदा ताईंना विचारलं, "हे तुम्ही कसं केलंत?"

"मी कुठे केलं? बाळूनं केलं," ताई म्हणाल्या आणि आतून एक पुस्तक घेऊन आल्या.

पुस्तकाचं नाव 'घरचं बोलणं'. लेखिका कमलिनीबाई टोकेकर, ग्वाल्हेरच्या एक शिक्षिका. ऐकू न येणाऱ्या मुलाला घरच्या घरी बोलायला कसं शिकवावं, हे आयांसाठी सोप्या मराठीत लिहिलेलं ते पुस्तक होतं. पानं बिस्किटाच्या रंगाची झालेली, पुठ्ठ्याला कापडाची पट्टी, समासात ताईंच्या पेन्सिलीच्या खुणा. 'प' शिकवायचा तर ओठांसमोर कागदाची पट्टी धरा. 'प' म्हटला की ती उडते, 'म' म्हटला की उडत नाही. 'म' शिकवायचा तर मुलाचा हात आपल्या नाकावर ठेवा, तिथे गुणगुण लागते. पानोपानी तोंडांची रेखाचित्रं होती, कुठे ओठ मिटलेले, कुठे जीभ टाळ्याला लागलेली. आणि प्रत्येक धड्याखाली सरावाची वाक्यं. ती सगळी एकाच मुलाबद्दल. बाळू, चप्पल उलटी घातलीस. बाळू, दुधावरची साय कोणी खाल्ली? बाळूचा दात पडला. बाळू रडला नाही.

"मेधाला ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, सवय करून घ्या," ताई सांगत होत्या. "मी म्हटलं, कशाची सवय? मग आमच्या शाळेतल्या एका बाईंनी हे आणून दिलं. मी रसायनशास्त्राची. मला वाटलं, ठीक आहे, हा एक प्रयोग. रोज संध्याकाळी आरसा, मेणबत्ती, कागदाची पट्टी. एक 'पाणी' शब्द यायला दुसरा उन्हाळा उजाडला. पण आला."

आला तेव्हा मेधा नळाखाली हात धरून उभी होती. ताई सांगायच्या, की त्या नळ बंद करायला विसरल्या आणि टाकी रिकामी झाली. घरमालक ओरडत आला तर त्यालाही त्यांनी मेधासमोर उभं करून तिच्याकडून 'पाणी' म्हणवून घेतलं. तो बिचारा ओरडायचं विसरून गेला.

मेधा मोठी झाली, तशा दुसऱ्या आया ताईंकडे येऊ लागल्या. आमच्या भागात मोठं हॉस्पिटल असल्यामुळे बैतूल, मुलताई, पांढुर्णा, बऱ्हाणपूर अशा गावांहून लोक मुलांना घेऊन तपासणीसाठी येत. त्यांतल्या पुष्कळ घरांत मराठीच बोलतात. तिथल्या वाचा-उपचार करणाऱ्या मॅडम त्यांना ताईंचा पत्ता देत. त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "आता मशीनं चांगली आली आहेत, ऑपरेशनही होतं. काही मुलं खुणांच्या भाषेत सुंदर बोलतात, तेही शिकवावं. पण मूल परत घरीच जातं ना? घरी आईनं काय करायचं, हे इतक्या साध्या शब्दांत दुसऱ्या कुणी लिहिलेलं मी पाहिलं नाही."

पुस्तक मात्र कुठेच मिळत नव्हतं. एकदाच छापलेलं, संपलेलं. ताई आपल्या प्रतीवरून झेरॉक्स काढून द्यायच्या. प्रत उलगडून उलगडून तिचं बाइंडिंग सुटायला लागलं, म्हणून मग झेरॉक्सवरून झेरॉक्स. आणि एक दिवस मुलताईहून रेखा नावाची एक तरुण आई आली. कडेवर मुलगा, हातात आदल्या खेपेला नेलेले कागद.

"बाई, हे तं सारं काळंच हाय," ती कागद पुढे करत म्हणाली. "तोंड कोनतं न मिशी कोनती, मले तं काईच समजत नाही."

खरंच होतं. ओठ, जीभ, दात यांच्या त्या नाजूक रेषांच्या जागी नुसते काळे डाग उरले होते. ताई हसल्या, आम्ही सगळेच हसलो, रेखाही हसली. मग ताईंनी ते कागद बाजूला ठेवले. रेखाला त्यांनी आपल्या पुस्तकातलं एकेक चित्र दाखवलं, दिवसभर बसवून घेतलं, जेवू घातलं. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "हे छापलं पाहिजे."

मी नव्या जमान्यातला इंजिनिअर. म्हटलं, "ताई, छापायचं कशाला? मोबाईलवर फोटो काढतो, सगळ्यांना पाठवून देऊ." फोटो काढलेही. रेखाला पाठवले. काही दिवसांनी तिचा फोन आला. तिचा मुलगा मोबाईल हातात दिसला की तोच मागायचा, आईच्या तोंडाकडे बघायचाच नाही. त्याला त्यात गाडीचा खेळ हवा असायचा.

"बघ," ताई म्हणाल्या. "आणि समजा चाललं असतं, तरी दहा जणींना देणं वेगळं आणि गावोगाव वाटणं वेगळं. कमलिनीबाईंचं आहे ते. मी शाळेत पोरींना कॉपी करताना धरायची, आता मीच करू?"

पुण्यातल्या एका प्रकाशकाला मी ओळखत होतो. त्यांना फोन केला, चार पानांचे फोटो पाठवले. ते हरखले. पण दुसऱ्याच वाक्याला म्हणाले, "लेखिका कधी गेल्या?" ताईंना माहीत होतं, तीसेक वर्षांपूर्वी. "मग वारसांची परवानगी लागेल. लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतो. शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक असतं तर मी उद्या छापायला घेतलं असतं. हे मधल्या काळातलं आहे ना, तिथेच सगळं अडतं. अशी किती पुस्तकं माझ्या मनात आहेत! कुणाचे वारस सापडत नाहीत, कुणाचे आपापसांत बोलत नाहीत."

मी ताईंना हे सांगितलं. त्या बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसल्या.

"म्हणजे अजून तीस वर्षं," त्या म्हणाल्या. "रेखाचा पोरगा तेव्हा स्वतः बाप झालेला असेल. त्याला आज सांगू का, थांब बाळा, साठ वर्षं पुरी होऊ दे, मग 'प' शिकवू?"

मला वाटलं, आता त्या कायद्याला नावं ठेवतील. मी ठेवली असती. पण त्या म्हणाल्या, "कायदा वाईट नाही हो. लिहिणाऱ्याच्या मागे त्याची मुलंबाळं उपाशी राहू नयेत, म्हणून कुणीतरी चांगल्या मनानंच केला असणार. पण इथे मुलांनाही काही मिळून नाही राहिलं आणि आयांनाही नाही. पुस्तक मधल्या मधे मरून राहिलंय. वारस कोण ते शोधलं पाहिजे. विचारायला काय जातं?"

सत्तरी उलटलेली ही बाई दुसऱ्याच आठवड्यात मेधाला घेऊन ग्वाल्हेरला गेली. ज्या छापखान्यात पुस्तक छापलं होतं तिथे आता मोबाईलचं दुकान होतं. दुकानदारानं छापखान्याचं नावही ऐकलं नव्हतं. मग त्या कमलिनीबाईंच्या जुन्या गल्लीत घरोघर हिंडल्या. शेवटी एका म्हाताऱ्या शेजारणीनं सांगितलं, की बाईंना एकच मुलगा, प्रभाकर. वीज मंडळातून निवृत्त होऊन उज्जैनला असतो.

ताईंनी उज्जैनला फोन लावला तेव्हा मी समोरच होतो. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. पलीकडचा आवाज सभ्य होता आणि थंड होता.

"आईचं पुस्तक छापायचं नाही. तुमच्या आधीही दोघांनी विचारलं होतं, त्यांनाही मी हेच कळवलं. मी असेपर्यंत नाही."

"कारण विचारू का?"

"नका विचारू."

"बरं. आम्ही तुमच्या घरी येऊन बसलो तर हाकलून द्याल का हो?"

मग ते म्हणाले, "चहा देईन. सही देणार नाही."

"चहा चालेल," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवून मला म्हणाल्या, "रविवारी गाडी काढतोस का?"

रविवारी आम्ही तिघं उज्जैनला गेलो. प्रभाकरराव टोकेकर फ्रीगंजमध्ये राहत. पंचाहत्तरीच्या आसपासचे, ताठ, कडक इस्त्रीचा सदरा. त्यांच्या पत्नींनी प्रेमानं बसवलं, पोहे आणले. ताईंनी आपल्या सवयीप्रमाणे खुर्च्या जरा फिरवून घेतल्या, म्हणजे उजेड सगळ्यांच्या तोंडावर येईल आणि मेधाला बोलणं दिसेल. पुस्तकाचं नावही काढलं नाही. उज्जैनची हवा, वीज मंडळातली नोकरी, ग्वाल्हेरचे जुने दिवस, असंच काहीबाही विचारत राहिल्या. आणि बोलता बोलता प्रभाकरराव स्वतःच तिकडे वळले. पुष्कळ वर्षं कुणी विचारलं नसलं की माणसाचं तसं होतं.

"आमच्या घरी रोज ती मुलं असायची," ते म्हणाले. "मी शाळेतून आलो की आई त्यांच्यात बसलेली. कुणाच्या गळ्यावर हात, कुणाच्या नाकावर. मी काही सांगायला गेलो की म्हणायची, बाळू, जरा गप्प बैस. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांच्याशी ती दिवसभर बोलायची हो. मला ऐकू येत होतं, माझ्याशी बोलायला तिला वेळ नव्हता. लोक म्हणतात थोर बाई. असेल. पण ते पुस्तक म्हणजे माझं लहानपण खाऊन लिहिलेलं आहे. ते मी पुन्हा छापू देऊ?"

मी पोह्यांकडे बघत बसलो. माणूस खोटं बोलत नव्हता.

मेधा इतका वेळ एकटक त्यांच्या ओठांकडे बघत होती. तिनं बशी खाली ठेवली. आपल्या त्या सपाट, जपून ठेवलेल्या अक्षरांत ती म्हणाली, "बाळू? तुम्ही बाळू?"

प्रभाकररावांना कळेना. "हो, आई मला बाळू म्हणायची."

मेधाचा चेहरा एकदम उजळला. लहानपणापासून ऐकून... नाही, लहानपणापासून बघून माहीत असलेला माणूस अचानक समोर यावा, तसा. ती म्हणाली, "बाळू, चप्पल उलटी घातलीस."

प्रभाकररावांनी हातातला कप खाली ठेवला.

"बाळू, दुधावरची साय कोणी खाल्ली?" मेधा म्हणाली. "बाळूची छत्री हरवली. बाळू, आज तुझ्या आवडीची भरली वांगी. बाळूला ताप आहे. आई बाळूजवळ बसली. बाळूचा दात पडला. बाळू रडला नाही."

मेधाचा आवाज मी पूर्वीही ऐकला होता, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की मी काय ऐकतोय. ज्या बाईला मेधानं कधी पाहिलं नाही, तिची वाक्यं, तिच्या घरातली, तिच्या मुलाची. आणि ती बोलणारी अशी, जिनं आयुष्यात एकही आवाज धड ऐकलेला नाही.

"रडलो होतो," प्रभाकरराव म्हणाले. "दात पडला तेव्हा रडलो होतो मी. तिनं... हे तुला कोणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे," मेधा म्हणाली. "माझी पहिली वाक्यं."

"तुम्ही वाचलं नाहीत कधी?" ताईंनी विचारलं. अगदी हळू.

"घरात प्रतच नव्हती. होत्या तेवढ्या तिनं वाटून टाकल्या. कळत्या वयात मी रागावलेलो होतो. नंतर कुठे मिळालं नाही."

का मिळालं नाही, हे ताई म्हणू शकल्या असत्या. मी तर तोंड उघडलंच होतं. ताईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प झालो. मग त्यांनी पिशवीतून ते पुस्तक काढलं, प्रभाकररावांच्या मांडीवर ठेवलं आणि उठल्या. "येतो आम्ही. पोहे फार छान झाले होते."

सहीचा शब्द नाही, परत कधी देणार हा प्रश्न नाही. गाडी देवासच्या बाहेर पडेपर्यंत मी कसाबसा धीर धरला. मग म्हटलं, "ताई, फोटो आहेत हे खरं, पण छापायला मूळ प्रतच लागणार. एकच धड प्रत होती. त्यांनी रागानं फाडली तर?"

"फाडली तर फाडली."

"तुमच्या खुणा आहेत तिच्यात. मेधाचं सगळं लहानपण आहे."

"त्याची आई आहे त्यात," ताई म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी घरी आलेली आई. मी तिला त्याच्यासमोरून उचलून परत आणू? असं करून राहिलास काय!" मग मागे वळून त्यांनी मेधाला विचारलं, तुला वाईट वाटलं का. मेधा म्हणाली, "नाही. मला पाठ आहे."

त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. ताईंनी फोन केला नाही आणि मलाही करू दिला नाही. रेखा मधे एकदा येऊन गेली. ताईंनी तिला चित्रं स्वतःच्या हातानं मोठ्या कागदांवर काढून दिली. चित्रकला त्यांना येत नव्हती, ओठ कारल्यासारखे झाले होते, पण काळे डाग तरी नव्हते.

मग एका दुपारी मी कारखान्यातून लवकर आलो, तर खाली ताईंच्या बैठकीत प्रभाकरराव. एकटेच बसनं आले होते. मांडीवर पुस्तक, त्याला नवं कापडी बाइंडिंग केलेलं. मला बघितल्यावर त्यांनी पुस्तक उघडून एक चित्र दाखवलं. 'आ' म्हणताना उघडलेलं तोंड, खालच्या ओळीत मधला एक दात नाही.

"हा मी आहे," ते म्हणाले. "सगळी तोंडं माझी आहेत. आई मला स्टुलावर बसवायची, समोर एक चित्रकार असायचे. ती म्हणायची आ कर, ओठ मीट, जीभ वर लाव. मला वाटायचं, माझे दात बघून राहिले आहेत. त्या वेळी ती फक्त माझ्याकडे बघायची, तास न् तास. हे मी विसरूनच गेलो होतो."

ताई चहा गाळत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण गाळणं कपावर धरलेला त्यांचा हात तसाच थांबला होता.

प्रभाकररावांनी सही दिलीच. एका आवृत्तीची परवानगी मागितली होती. त्यांनी लिहून दिलं, की हे पुस्तक कुणीही छापावं, कोणत्याही भाषेत न्यावं, कुणाला विचारायची गरज नाही. "उरलेली वर्षं मी सोडली," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं धरून बसलो, तेवढं पुरे."

आणि सुधाताई काय म्हणाल्या? दुसरं कुणी असतं तर कागद झडप घालून घेतला असता. त्या म्हणाल्या, "असं घाईत नका देऊ. हक्क तुमचा आहे, तसा तुमच्यामागे तुमच्या मुलांचा. त्यांना आधी वाचायला द्या. त्यांची आजी आहे. त्यांचं मन नसेल तर आम्ही एका आवृत्तीवर भागवू." त्यांनी तो कागद खरंच परत केला. महिन्याभरानं तोच कागद परत आला, तेव्हा त्यावर प्रभाकररावांच्या मुलाची आणि मुलीचीही सही होती. मुलीनं सोबत फोन करून सांगितलं, की तिनं पुस्तक बाबांकडून मोठ्यानं वाचून घेतलं.

पुस्तक पुण्यात छापून झालं. मुद्रितं तपासायला प्रभाकरराव भोपाळला येऊन राहायचे; मेधा आणि ते समोरासमोर बसून एकेक वाक्य तपासत. ते वाचत, मेधा ओठ बघे, आणि कुठे चुकलं की टेबलावर बोट आपटे. प्रकाशकांनी आभाराच्या पानावर ताईंचं नाव घातलं होतं. ताईंनी ते काढायला लावलं. मी भांडलो. त्या म्हणाल्या, "पुस्तक कमलिनीबाईंचं, तोंड बाळूचं. मी फक्त उज्जैनला जाऊन पोहे खाल्ले."

पहिल्या प्रती आल्या, तेव्हा एक रेखाला त्यांनी मुलताईला स्वतः नेऊन दिली. पुढे हिंदीतही ते झालं. भोपाळमधल्याच एका शिक्षिकेनं केलं, आणि बाळूचं नाव हिंदीतही बाळूच राहिलं.

हिंदी प्रत मात्र ताईंच्या हाती पडली ती हॉस्पिटलमध्ये. छातीचा आजार बळावला होता. घशातून नळी घातल्यामुळे त्यांचा आवाज पूर्ण गेला होता. शुद्ध होती, ओठ हलत होते, शब्द मात्र कुणालाच ऐकू येत नव्हते. लिहायला हातात जोर नव्हता. मोठी मुलगी आणि जावई धावून आले, ते वाकून वाकून कान लावत, आणि ताई थकून डोळे मिटून घेत. मग मेधा आली. ती पायथ्याशी उभी राहिली, आईच्या तोंडाकडे बघितलं आणि सांगायला लागली, "उशी उंच करा. सिस्टरना म्हणते आहे, तुम्ही जेवलात का. जावयांना म्हणते आहे, असं रडून नका राहू."

त्यानंतर त्या वॉर्डात सुधाताईंचं बोलणं मेधाच्या तोंडून चालू राहिलं. मोठमोठे डॉक्टर येत, ताईंकडे बघत आणि उत्तरासाठी मेधाकडे वळत. आम्ही सगळे कानवाले तिथे उभे होतो आणि आमच्यातल्या एकालाही जे ऐकू येत नव्हतं ते तिला येत होतं. मी फार देवाधर्माचा माणूस नाही. पण त्या पलंगाजवळ मी नकळत चपला काढून उभा राहायचो.

शेवटच्या दिवशी ताई काय म्हणाल्या, ते मेधानं कुणाला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. ते त्या दोघींचं होतं.

पुढे माझी बदली नागपूरला झाली. मागच्या महिन्यात सीताबर्डीवरच्या एका पुस्तकाच्या दुकानात मी उगाच चाळत उभा होतो. एक तरुण जोडपं आत आलं. बाईच्या कडेवर छोटी मुलगी, दोन्ही कानांमागे मशीनं लावलेली. नवऱ्यानं दुकानदाराला विचारलं, "'घरचं बोलणं' नावाचं पुस्तक मिळंल का? डॉक्टरनं सांगितलंय."

दुकानदारानं फोनवर चाललेलं बोलणंही थांबवलं नाही. तसाच मागे वळला, फळीवरून एक प्रत काढली आणि काउंटरवर ठेवली. मला त्या दोघांना थांबवून सगळं सांगावंसं वाटत होतं, ग्वाल्हेर, उज्जैन, सगळं. पण त्यांना त्यात काहीच विशेष वाटलं नव्हतं. पुस्तक मागितलं, मिळालं.

बाईनं पान उलटून एक चित्र बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आणखी एक घेऊ का? आईकडे ठेवायला. परत नाही मिळालं तर?"

दुकानदारानं फोन कानापासून जरा बाजूला केला. "ताई, कधीपण या," तो म्हणाला. "संपलं तर परत छापतात हो."